राखीव वैमानिक

नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहून दक्षिणेकडे दृष्टी टाकली, म्हणजे सह्याद्रीची शिखरे एकामागून एक दूरवर गेलेली दिसतात. ही रांग महाराष्ट्राच्या सीमेशी थांबत नाही. गोवा मागे टाकून ती कर्नाटकात शिरते आणि कोडगू नावाच्या एका लहानशा डोंगराळ जिल्ह्यात पोचते. शहापूर-मुरबाडकडील मुलांना तो मुलूख परका वाटणार नाही. तसाच मुसळधार पाऊस, तशीच भाताची खाचरे, तशीच दाट रानाने झाकलेली डोंगरकूस. मात्र तेथील उतारांवर कॉफीचे मळे डोलत असतात. कावेरी नदीचा उगमही तेथलाच. या चिमुकल्या जिल्ह्याने देशाला पिढ्यान् पिढ्या सैनिक पुरविले आहेत. भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा हे कोडगूचेच. त्याच भूमीत २४ डिसेंबर १९३२ रोजी अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांचा जन्म झाला. अज्जमाडा हे त्यांच्या घराण्याचे नाव होय; कोडगूत घराण्याचे नाव आधी लिहिण्याची रीत आहे.

देवय्या १९५४ साली भारतीय वायुसेनेत दाखल झाले. तो काळ मोठ्या स्थित्यंतराचा होता. पुढे पंखा लावलेली विमाने हळूहळू मागे पडत होती आणि त्यांच्या जागी जेट विमाने येत होती. जेट विमान उडते कसे, हे समजून घ्यावयाचे असेल तर एक फुगा पुरे आहे. फुगा फुगवून त्याचे तोंड न बांधताच सोडून दिला, तर आतील हवा मागे जोराने निसटते आणि फुगा पुढे झेप घेतो. जेट विमानाच्या इंजिनातही असेच घडते. पुढून आत ओढलेली हवा दाबली जाते, तिच्यात इंधन जाळले जाते आणि तापून फुगलेले वायू मागच्या तोंडातून प्रचंड वेगाने बाहेर पडतात. त्यांच्या उलट दिशेने विमान पुढे रेटले जाते. एवढाच भेद, की फुगा कोठेही भरकटतो आणि क्षणात रिता होतो. विमान मात्र वैमानिकाने नेमलेल्या वाटेने जाते. ती वाट धरणे हीच अवघड विद्या.

ही विद्या शिकवायची कशी? पोहायला शिकणाऱ्याला कमरेइतक्या पाण्यात उभे करता येते. सायकल शिकणाऱ्याचे आसन मागून धरता येते. विमान आकाशात मध्येच थांबवून, 'हे पहा, येथे तुझे चुकले' असे सांगण्याची सोय नाही. म्हणून विमानविद्येने जी युक्ती योजिली, ती आपल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पौष महिन्यात मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी मोठी यात्रा भरते आणि तेथे गुरांचा बाजार बसतो. त्या बाजारातून आणलेला कोवळा खोंड कोणी एकदम एकटा औताला जुंपीत नाही. एखाद्या जाणत्या बैलाच्या जोडीला त्याला जुंपतात. जू एकच असते. खोंड बिचकला, आडवा गेला, तर जाणता बैल आपल्या चालीने त्याला तासावर आणतो. थोड्या दिवसांत खोंडाच्या अंगी ती चाल मुरते.

शिकाऊ विमानात हे जू म्हणजे चालनदांडे. अशा विमानात दोन आसने असतात. एक शिष्याचे आणि एक शिक्षकाचे. दोघांच्याही हाताशी चालनदांडा असतो, दोघांच्याही पायांशी सुकाणू फिरविण्याचे पट्टे असतात, आणि हे सारे आतून एकमेकांना जोडलेले असतात. शिष्याने दांडा ओढला, की शिक्षकाच्या हातातील दांडाही हलतो. चांगला शिक्षक आपला हात दांड्याजवळ ठेवतो, पण दांडा धरून ठेवीत नाही. चूक होऊ द्यावी, शिष्याला ती उमगू द्यावी आणि ती जिवावर बेतण्यापूर्वी क्षणभर आधी आपला हात पुढे करावा, हे त्याचे कसब. तो क्षण अलीकडे धरला तर शिष्य शिकत नाही; पलीकडे गेला तर दोघेही उरत नाहीत. अशा शिक्षकाचे धैर्य बाहेरून दिसत नाही. रणांगणावरील पराक्रमाची वर्णने पुष्कळ लिहिली जातात. रोज सकाळी नवशिक्याच्या हाती आपला जीव सोपवून आकाशात जाणाऱ्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

पुढे एक दिवस शिक्षक विमानातून खाली उतरतो आणि शिष्याला एकट्यालाच वर पाठवितो. शिष्याच्या आयुष्यातील तो मोठा दिवस. शिक्षक धावपट्टीच्या कडेला उभा राहून वर पाहत असतो. त्या दिवशी त्याच्या हाताशी दांडा नसतो.

त्या काळी वायुसेनेचे अनेक उमेदवार उड्डाणाचे पहिले धडे 'एच. टी. - २' या दोन आसनी विमानात गिरवीत. त्याला पुढे पंखा होता, वेगही बेताचाच होता. परंतु ते भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले विमान होते. ५ ऑगस्ट १९५१ रोजी बंगळूरच्या आकाशात त्याने पहिली झेप घेतली. त्याची आखणी करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्याचे. जर्मनीत जाऊन त्यांनी हवेच्या गतीचे शास्त्र आत्मसात केले आणि ते ज्ञान बंगळूरच्या कारखान्यात उपयोगात आणले. पुढे 'किरण' हे शिकाऊ जेट विमानही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाले; ते प्रथम १९६४ साली उडाले. देवय्यांच्या कथेत घाटग्यांचे नाव ओझरते येते खरे, पण शिकवणाऱ्याच्या मागे शिकवण्याचे साधन घडविणाराही उभा असतो, हे विसरता कामा नये.

लढाऊ विमाने चालविण्यात देवय्या तरबेज झाले. इतके, की वायुसेनेच्या उड्डाण महाविद्यालयात त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. १९६५ साली भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध सुरू झाले, तेव्हा ते हेच काम करीत होते. त्यांचा हुद्दा स्क्वाड्रन लीडरचा होता आणि वय बत्तीस वर्षांचे. युद्ध सुरू होताच अनुभवी वैमानिकांची गरज निर्माण झाली आणि देवय्यांची रवानगी वायुसेनेच्या पहिल्या क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये करण्यात आली. ही स्क्वाड्रन पंजाबातील जालंदरजवळच्या आदमपूर तळावर होती आणि विंग कमांडर ओ. पी. तनेजा हे तिचे प्रमुख होते. तिच्याकडे फ्रान्समधून घेतलेली मिस्टेअर जातीची जेट विमाने होती.

६ सप्टेंबरच्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट आणि इतर भारतीय तळांवर हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी सरगोध्यावर चढाई करण्याचे ठरले. सरगोधा हा पाकिस्तानी हवाई दलाचा अत्यंत महत्त्वाचा आणि कडेकोट बंदोबस्ताचा तळ होता. आदमपुराहून सरगोधा सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. म्हणजे शहापुराहून जालन्यापेक्षाही थोडे अधिक. जेट विमानाला एवढे अंतर कापण्यास अर्धा तासही लागत नाही. मग अडचण कोठे होती?

अडचण इंधनाची होती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून विमानांना जमिनीला अगदी लागून जावे लागते. उंचावरील हवा विरळ असते. खालची हवा दाट. दाट हवेतून वेगाने जाताना विमानाला अधिक विरोध होतो आणि इंधन भराभर संपते. गुडघाभर चिखलातून धावणाऱ्याला लवकर दम लागावा, तसेच हे. मिस्टेअर विमानांच्या टाक्यांत जेमतेम जाऊन येण्यापुरतेच इंधन मावत होते. सरगोध्यावर घिरट्या घालण्यास, वाट चुकण्यास किंवा वाटेत शत्रूच्या विमानाशी झुंजत बसण्यास त्यांत वाव नव्हता. वैमानिकांनी जावे, तळावर हल्ला करावा आणि तडक माघारी वळावे, अशीच आज्ञा होती.

या मोहिमेसाठी बारा विमानांची योजना झाली. त्यांत देवय्यांचे नाव नव्हते. ते राखीव होते. बारांपैकी एखादे विमान ऐन वेळी बिघडले, तर त्याची जागा राखीव वैमानिकाने घ्यावयाची, एरवी तळावरच थांबावयाचे. राखीव माणसाचे काम मोठे चमत्कारिक असते. तयारी सगळी करावयाची; नकाशा पाठ करावयाचा, विमानात जाऊन बसावयाचे, आणि बहुधा तसेच उतरून परत यावयाचे. ७ सप्टेंबरच्या पहाटे, अंधार पुरता सरला नव्हता तेव्हा, विमाने एकामागून एक उडाली. एक विमान गळाले. देवय्यांनी त्याची जागा घेतली.

सरगोध्याला पोचेपर्यंत उजाडू लागले होते. मिस्टेअर विमानांनी आपले काम उरकले आणि ती परतीच्या वाटेला लागली. इतक्यात एका पाकिस्तानी स्टारफायटर विमानाने त्यांना गाठले. ते विमान अमेरिकी बनावटीचे होते. ध्वनी हवेतून ताशी सुमारे १२०० किलोमीटर वेगाने जातो; स्टारफायटर उंच आकाशात त्याच्या दुप्पट वेगाने जाऊ शके. मिस्टेअर सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठू शकत नसे. स्टारफायटरजवळ उष्णतेचा माग काढीत जाणारी क्षेपणास्त्रे होती. मिस्टेअरजवळ केवळ तोफा. दोहोंची तुलना करणे म्हणजे शर्यतीच्या घोड्याची आणि तट्टाची तुलना करण्यासारखे होते. स्टारफायटरचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन हे होते.

अमजद यांचे लक्ष्य ठरले देवय्यांचे विमान. सोडलेले क्षेपणास्त्र लागले नाही. मग त्यांनी जवळ येऊन तोफ डागली आणि तिचा मारा मिस्टेअरला लागला. हे विमान संपले असे समजून ते पुढच्या विमानांच्या पाठलागास लागले. परंतु ते विमान संपले नव्हते. आतील वैमानिक त्या जखमी विमानाला आवरून धरीत होता. त्या क्षणी देवय्यांच्या मनात काय आले असेल, हे सांगणारा कोणी उरला नाही. मिस्टेअर स्टारफायटरवर वळले, एवढे मात्र निश्चित आहे.

संथ विमान वेगवान विमानाला कसे गाठील, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर माळरानावर मिळते. कुत्रा सशाच्या पाठीस लागतो. सरळ धावेत कुत्रा सशाला गाठण्याच्या बेतात येतो, आणि तोच ससा गर्रकन वळतो. भरधाव कुत्र्याला तितके चटकन वळता येत नाही. तो पुढे जाऊन मोठा फेरा घेऊन परत येतो. विमानांचेही असेच असते. वेग जितका अधिक, तितके वळण मोठे. त्यातून स्टारफायटरचे पंख आखूड आणि पातळ. सरळ धावेसाठी ते उत्तम, पण घट्ट वळण घेण्यास अपुरे. वेगाच्या बळावर तो वैमानिक केव्हाही निसटून जाऊ शकत होता. परंतु एकदा तो वळणांच्या झुंजीत उतरला आणि त्याचा वेग कमी झाला, की पारडे फिरते. देवय्यांसारख्या अनुभवी शिक्षकाला हे नवे नव्हते.

त्या झुंजीत देवय्यांच्या तोफांचा मारा स्टारफायटरला बसला. ते विमान आवरेना. जमीन जवळ येत असताना अमजद हुसेन यांनी आसनासह बाहेर झेप घेतली आणि हवाई छत्रीच्या साहाय्याने ते वाचले. देवय्यांचे विमानही तेथून परतू शकले नाही. ते कोसळले आणि देवय्या त्यात कामी आले.

आदमपूरला या सर्वांपैकी काहीही कळले नाही. परतणाऱ्या वैमानिकांचे लक्ष इंधनाच्या काट्याकडे आणि समोरच्या क्षितिजाकडे होते; मागे काय घडले ते कोणी पाहिले नव्हते. विमाने मोजली, तेव्हा एक कमी भरले. देवय्या बेपत्ता, अशी नोंद झाली. बेपत्ता हा शब्द घरच्यांना फार दुःख देतो. मृत्यूची वार्ता आली तर माणूस रडून मोकळे होते. बेपत्ता म्हटले, की आशा मरत नाही आणि धीरही धरवत नाही. कोडगूतील त्या घरी पत्नी आणि लहान मुली होत्या.

वर्षे लोटली. १९७१ साली दोन्ही देशांत पुन्हा युद्ध झाले. त्या युद्धात अमृतसरवर चालून आलेले एक स्टारफायटर विमानवेधी तोफांनी पाडले आणि त्याचा वैमानिक भारताच्या हाती जिवंत सापडला. ते अमजद हुसेनच होते. आता ते विंग कमांडर झाले होते. युद्धकैदी म्हणून ते भारतात राहिले आणि नंतर आपल्या देशी परत गेले. सहा वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेचा साक्षीदार इतक्या जवळ येऊन गेला, तरी देवय्यांची हकीकत अंधारातच राहिली.

ती उजेडात आली एका इंग्रज लेखकाच्या पुस्तकामुळे. जॉन फ्रिकर या लेखकाने १९६५ च्या हवाई युद्धावर लिहिलेला ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्याला पाकिस्तानी हवाई दलाकडून पुष्कळ माहिती मिळाली होती. ७ सप्टेंबरच्या सकाळी एक स्टारफायटर एका मिस्टेअरशी झुंजताना पडले, असे त्यात नमूद होते. आपल्या वीराचा पराक्रम प्रतिपक्षाच्या दप्तरातून कळावा, हे विलक्षण खरे. पण प्रतिपक्षाने तो लपविला नाही, हेही नोंदविले पाहिजे.

त्या मिस्टेअरमधील वैमानिक कोण, हे त्यावरून ओळखायचे होते. उत्तर एखाद्या गणितासारखे निघाले. त्या सकाळी सरगोध्यावर गेलेली मिस्टेअर विमाने आदमपूरची. परत आलेल्या वैमानिकांपैकी एकानेही शत्रूचे विमान पाडल्याचे सांगितले नव्हते. आणि असा पराक्रम करून कोणी गप्प बसत नाही. मग जो परत आला नाही, त्याच्यावाचून दुसरा कोण असणार?

तनेजा तोवर सेवेतून निवृत्त झाले होते. त्या पहाटेच्या तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले होते आणि एक माणूस कमी घेऊन ते परतले होते. आता त्यांनी हे प्रकरण हाती घेतले. वायुसेनेचा इतिहास लिहिण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्याशी पत्रव्यवहार झाला, जुन्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या आणि तनेजांनी सरकारला सर्व हकीकत लिहून कळविली. ज्याचा लाभ आपल्याला नाही आणि ज्याच्यासाठी करावयाचे तोही हयात नाही, असे काम निवृत्त माणसाने नेटाने तडीस न्यावे, ही गोष्ट आकाशातील झुंजीइतकी थरारक नसेल. तिच्यावाचून त्या झुंजीला नाव मात्र मिळाले नसते.

१९८८ साली भारत सरकारने स्क्वाड्रन लीडर देवय्या यांना मरणोत्तर महावीरचक्र जाहीर केले. युद्धातील शौर्यासाठी दिल्या जाणाऱ्या सन्मानांत परमवीरचक्राच्या खालोखाल महावीरचक्राचे स्थान आहे. त्या पहाटेला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. देवय्यांच्या पत्नीने ते स्वीकारले. वडील गेले तेव्हा ज्या मुली अजाण होत्या, त्या आता मोठ्या झाल्या होत्या.

कोडगूचे जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या मडिकेरी येथे बसस्थानकाजवळच्या चौकाला देवय्यांचे नाव देण्यात आले आहे. २०२५ साली पडद्यावर आलेल्या 'स्काय फोर्स' या हिंदी चित्रपटाची कथाही त्यांच्याच चरित्रावरून स्फुरलेली आहे. चित्रपटात नावे बदललेली असल्याने पुष्कळ प्रेक्षकांना ते ठाऊक नसते. देवय्यांचा देह मायदेशी आलाच नाही. विमान कोसळले तेथील गावकऱ्यांनी त्यांचे दफन केले, आणि पंजाबच्या त्या सपाट प्रदेशातच, कोडगूच्या डोंगरांपासून फार दूर, ते चिरविश्रांती घेत आहेत.